ज्याचा ब्राउझर, त्याचा नियम

बाळकुम नाक्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात जा. सातबारा असो की उत्पन्नाचा दाखला, साइट अडली की सल्ला ठरलेला: ‘क्रोममध्ये उघडा.’ वीस वर्षांपूर्वी तो ‘एक्स्प्लोररमध्ये उघडा’ असा होता.

वेबचे नियम ठरवण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी 1994 मध्ये डब्ल्यूथ्रीसी ही संस्था काढली. तिच्या हातात कायद्याचा दंडुका नाही. समितीने कागदावर काहीही लिहावं, ब्राउझर बनवणाऱ्याने ते मनावर घेतलं तरच चालतं. ज्याचा ब्राउझर घरोघरी, त्याचा शब्द अर्थातच जड.

मराठीने याची झळ सोसली आहे. नव्वदीच्या दशकाअखेर मराठी दैनिकं वेबवर आली तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं. पानाच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हं असत, त्यांना देवनागरी रूप देई तो फॉन्ट. तो संगणकात नसला की अग्रलेखाच्या जागी निव्वळ गिचमीड. यावर तोड म्हणून पानासोबतच फॉन्ट धाडायची सोय निघाली. पण मायक्रोसॉफ्टची ईओटी पद्धत फक्त एक्स्प्लोररमध्ये चाले आणि नेटस्केप या ब्राउझरची तऱ्हा निराळी. पानांच्या मांडणीसाठी केलेल्या 1998 च्या सीएसएस-2 नियमांत अशा फॉन्टची तरतूद होती, ती 2.1 आवृत्तीतून गळली. नेटस्केप मागे पडलं, दहातले नऊजण एक्स्प्लोरर वापरू लागले आणि ईओटी हाच व्यवहारातला नियम झाला. फायरफॉक्सवाल्यांना अशी पानं युनिकोडमध्ये बदलून दाखवणारं ‘पद्मा’ हे एक्स्टेन्शन बसवावं लागे.

2004 मध्ये फायरफॉक्स आलं, 2008 मध्ये गूगलचं क्रोम. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ईओटी डब्ल्यूथ्रीसीपुढे ठेवलं, पण इतरांनी दाद दिली नाही. अखेर 2010 मध्ये मोझिला, ऑपेरा आणि खुद्द मायक्रोसॉफ्टने मिळून ‘वॉफ’ हा सामायिक प्रकार मांडला. डिसेंबर 2012 मध्ये तो अधिकृत झाला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला ‘मुक्ता’ आज कुठल्याही ब्राउझरमध्ये सारखाच दिसू शकतो, तो यामुळे. कुणीच वरचढ नव्हतं, म्हणून समेट झाला.

आता पारडं पुन्हा झुकलं आहे, या वेळी क्रोमकडे. ऑपेराने 2013 मध्ये आपलं इंजिन सोडून क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमची वाट धरली, मायक्रोसॉफ्टच्या एजने 2020 मध्ये. डब्ल्यूथ्रीसीने केलेल्या 2019 च्या करारानुसार एचटीएमएलचा मसुदा ज्या गटाकडे गेला, त्याचं सुकाणू ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांच्या हाती आहे. त्यातल्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा येतो गूगलकडूनच! 2022 मध्ये क्रोमने ‘जेपेग एक्सएल’ या नव्या चित्रप्रकाराचा प्रायोगिक आधार काढून घेतला. पुढच्या वर्षी सफारीने तो स्वीकारला खरा, पण क्रोमवर दिसणार नाही असं चित्र तेव्हा साइटवर टाकणार कोण होतं? ॲपलही काही धुतल्या तांदळाचा नाही. आयफोनवर दुसऱ्या कुणाचं इंजिन त्याने वर्षानुवर्षं चालू दिलं नाही; युरोपात 2024 मध्ये कायद्यापुढे नमावं लागलं.

आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गूगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अँड्रॉइडच्या बळावर क्रोमचं आसन पक्कं केल्याचा ठपकाही त्यात होता.

पण सगळं आयोगावर सोडून भागणार नाही. एक्स्प्लोररपुरत्याच बांधलेल्या साइट तो ब्राउझर 2022 मध्ये निवृत्त झाल्यावर उघड्या पडल्या. तेव्हा शाळेची, सोसायटीची, पतपेढीची साइट करून घेताना कंत्राटात एक अट घाला: क्रोमखेरीज फायरफॉक्स आणि सफारीतही ती चालवून दाखवल्याशिवाय बिल मंजूर होणार नाही.