लेव्हिटटाउन : एका आडनावाचे गाव

न्यू जर्सीतल्या एका गावाने १९६३ साली मतदान घेऊन आपले नाव टाकून दिले. ते नाव होते लेव्हिटटाउन. चारच वर्षांपूर्वी ते गावाला लागले होते. त्याआधी सतराव्या शतकापासून हे गाव विलिंगबरो होते आणि मतदारांनी तेच नाव परत आणले. विशेष म्हणजे त्यांतले बरेचसे मतदार लेव्हिट या बांधकाम कंपनीने बांधलेल्या घरांतच राहत होते. घर हवे, पण बांधणाऱ्याचे आडनाव पत्त्यात नको, असा हा कौल होता.

हे आडनाव अमेरिकी भाषेत किती खोल रुजले, हे वृत्तपत्रे आणि समाजशास्त्राची पुस्तके चाळली की कळते. एकाच साच्यातली घरे, पुढे हिरवळ, दारात मोटार, सगळे शेजारी एकाच वयाचे आणि एकाच मिळकतीचे, अशा कुठल्याही वसाहतीला लेव्हिटटाउन म्हटले जाते. कोणी ते कौतुकाने म्हणतो, कोणी नाक मुरडून. नगररचनेचे भाष्यकार लुईस ममफर्ड यांनी या एकसुरीपणावर कडाडून टीका केली, तर ‘टाइम’ साप्ताहिकाने जुलै १९५० मध्ये या कंपनीच्या विल्यम लेव्हिटला मुखपृष्ठावर बसवले.

पहिले लेव्हिटटाउन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांवर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या तरुणांना घरे मिळत नव्हती. लग्न करून सासऱ्याच्या घरी किंवा पत्र्याच्या निवाऱ्यात दिवस काढायची वेळ आली होती. एब्राहम लेव्हिट आणि विल्यम व आल्फ्रेड हे त्यांचे दोन मुलगे यांनी १९४७ मध्ये इथे भाड्याची घरे बांधायला घेतली. महिना साठ डॉलर भाडे. ऑक्टोबरात पहिले बिऱ्हाड आले. १९५१ पर्यंत घरांचा आकडा १७,४४७ वर गेला होता.

बांधकामाची पद्धत बघण्यासारखी होती. घराचे काम २७ टप्प्यांत तोडलेले. एक टोळी फक्त पायाचा काँक्रीट थर ओतणार, दुसरी फक्त फरशा बसवणार, एक माणूस पांढरा रंग देणार आणि लाल रंगाला दुसरा माणूस. मोटारीच्या कारखान्यात गाडी पुढे सरकते. इथे घर जागच्या जागी आणि कामगार पुढे सरकत. खिळेसुद्धा कंपनी स्वतः बनवायची. जोरात काम असताना दिवसाला तीस घरे तयार होत. घर सुमारे ७५० चौरस फुटांचे : दोन झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वर अर्धवट सोडलेला माळा. १९४९ मध्ये नव्या नमुन्याची घरे ७,९९० डॉलरला विकायला काढली. सरकारी हमीमुळे माजी सैनिकाला ती डाउन पेमेंट न भरता मिळत. अटीही होत्या. कुंपण घालायचे नाही, गवत वेळेवर कापायचे, सुटीच्या दिवशी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत.

सगळ्यांत जाचक अट वेगळीच होती. सुरुवातीच्या भाडेकरारातले २५वे कलम सांगत होते की या घरात गोऱ्या वंशाच्या माणसांशिवाय कोणी राहू नये. नोकर म्हणून चालेल. असे वांशिक करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. कलम गेले, धोरण तसेच राहिले. गोरे गिऱ्हाईक काळ्या शेजाऱ्याजवळ घर घेणार नाही, आपण घरांचा प्रश्न सोडवू शकतो, वंशाचा नव्हे, अशी विल्यमची भूमिका होती. हा माणूस स्वतः ज्यू, म्हणजे भेदभाव म्हणजे काय ते जाणणारा. १९६० साली या लेव्हिटटाउनच्या हजारो रहिवाशांत काळा माणूस जवळजवळ नव्हताच. ‘लेव्हिटटाउन’ या शब्दाच्या अर्थातून हे वास्तव वगळणे म्हणजे अर्थ अर्धाच सांगणे.

दुसरे लेव्हिटटाउन पेनसिल्व्हेनियात १९५२ पासून वसले. तिथे विभागाच्या नावाचे पहिले अक्षर तेच त्यातल्या गल्ल्यांचेही अक्षर. डॉगवुड हॉलो विभागातल्या डीपग्रीन लेनमध्ये ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे दांपत्य मुलांना घेऊन राहायला आले. घर त्यांनी आधीच्या मालकाकडून घेतले होते, कंपनीकडून नव्हे. विल्यम मायर्स महायुद्धात सैन्यात होते. ज्यांच्यासाठी ही वसाहत म्हणे बांधली, त्यांच्यापैकीच एक. रात्रीमागून रात्री घरासमोर जमाव जमला, दगड आले, एक पोलीस दगड लागून बेशुद्ध पडला. राज्य पोलीस बोलवावे लागले. मायर्स हलले नाहीत. पाठीशी उभे राहणारे शेजारीही होते, हेही नोंदवायला हवे.

न्यू जर्सीतल्या तिसऱ्या वसाहतीत समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स १९५८ मध्ये स्वतः घर घेऊन राहिले. तिथल्या लोकांचे जगणे टीकाकार समजतात तितके साचेबंद नाही, असे त्यांनी १९६७ च्या ‘द लेव्हिटटाउनर्स’ या ग्रंथात दाखवून दिले. इथे भेदभावाविरुद्धच्या राज्याच्या कायद्यापुढे कंपनीला १९६० मध्ये हार मानावी लागली. पुढे विलिंगबरो बहुसंख्य काळ्या लोकांचे गाव झाले. ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदके जिंकणारा कार्ल लुईस इथेच वाढला. चौथे लेव्हिटटाउन प्वेर्तो रिकोत आहे. तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी या नावाला गोऱ्या उपनगराचा वास नाही. मारिया वादळात २०१७ साली पुराखाली गेलेली आपली वस्ती, हा अर्थ त्याला जवळचा.

लाँग आयलंडवरच्या बटाट्याच्या शेतांनाही जुने नाव होते : आयलंड ट्रीज. सपाट माळावर दुरून बेटासारखी दिसणारी झाडी, त्यावरून पडलेले. लेव्हिटने ते पुसून कुटुंबाचे नाव लावले, पण एका शाळा जिल्ह्याने जुने नाव सोडले नाही. त्याच जिल्ह्याच्या शाळा मंडळाने १९७६ मध्ये ग्रंथालयातून काही पुस्तके काढली. त्यांत रिचर्ड राइट या काळ्या लेखकाचे ‘ब्लॅक बॉय’ होते. स्टीव्हन पिको आणि इतर विद्यार्थी न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. अमेरिकेत शालेय ग्रंथालयांतली पुस्तके काढण्यावरून वाद झाला की आजही वकील याच खटल्याचा दाखला देतात, आणि त्याच्या शीर्षकात लेव्हिटटाउन नाही, आयलंड ट्रीज आहे.