कॉफीच्या मळ्यातील सावली कोणाच्या खर्चाने?

कॉफीचे झुडूप मुळात रानातल्या सावलीत वाढणारे. ब्राझीलने ते बहुतांशी उघड्या उन्हात लावले. आपल्याकडे कोडगू (म्हणजे जुने कूर्ग), चिकमगळूर व हासन या जिल्ह्यांत ते अजूनही मोठ्या वृक्षांच्या छायेखाली वाढते. ही छाया शोभेची नव्हे. ती जमिनीची धूप रोखते, पालापाचोळ्याने मातीचा कस राखते आणि अरेबिकाचे खोड पोखरणाऱ्या किडीला आळा घालते. शिवाय कावेरीचा उगम कोडगूतला. तेथे मुरणारे पाणी मंड्याच्या उसाला आणि तंजावरच्या भाताला उपयोगी पडते.

या सावलीचा खर्च मात्र एकटा मळेवाला सोसतो. दाट सावलीत रोबस्टाचे पीक कमी येते आणि फांद्या छाटण्याची मजुरी द्यावीच लागते. मळेवाला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टोपीवाला गोरा साहेब उभा राहतो. वास्तविक देशातील जवळजवळ ९९ टक्के कॉफी उत्पादकांची जमीन दहा हेक्टरांच्या आत आहे. १९९६ पर्यंत कॉफी मंडळ माल एकत्र करून विकत असे व पैसे हप्त्याहप्त्याने, विलंबाने देत असे. त्याविरुद्धची तक्रार रास्तच होती. परंतु त्याआधीच, १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कोटापद्धती कोलमडली होती. २००१ च्या सुमारास जागतिक भाव गडगडले तेव्हा लहान उत्पादकाला आडोसा उरला नव्हता. अशा वर्षी मळ्यातले लाकूड हीच त्याची ठेव.

पण ती ठेव तरी त्याची आहे काय? कोडगूतील ज्या जमिनींवरील लाकडाची किंमत पूर्वी सरकारात भरली गेली नाही, तेथील झाडांवर सरकारचा हक्क चालत आला आहे. अन्यत्रही देशी झाड तोडावयाचे तर वन खात्याचे उंबरठे झिजवावे लागतात. ऑस्ट्रेलियातून आलेल्या सिल्व्हर ओकला ही आडकाठी नाही. तो झपाट्याने वाढतो, त्याच्या सरळ खोडावर मिरीचा वेल चढतो आणि तो विकताही येतो. मग देशी वृक्षांच्या जागी सिल्व्हर ओक येत गेला, यात नवल ते काय? ज्या नियमांनी झाड वाचवायचे, त्यांनीच ते नकोसे केले. वर्गात उलट्या प्रेरणेचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला की, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी तेथे विकता येऊ नये. त्याचा अंमल पुढे ढकलला गेला, तरी पुराव्याचा भार अखेर उत्पादकाच्याच माथी येणार. सावली राखल्याबद्दल वाढीव दराची हमी त्यात नाही. इकडे कावेरी लवादापुढे कर्नाटक, तामिळनाडू, केरळ व पुद्दुचेरी हे पक्षकार होते. २००७ च्या निवाड्यात पाण्याचे वाटप झाले, झाडांच्या खर्चाचे नव्हे.

तोडीचे नियम सैल केले तर आधी कुऱ्हाडच चालेल, ही वन खात्याची भीती अगदीच निराधार नाही. म्हणूनच आरंभ जुन्या वृक्षांपासून करू नये. यापुढे उत्पादक जे देशी झाड स्वतः लावील, त्याची नोंद करून त्यावर त्याचा निर्विवाद हक्क मानावा. त्यासाठी सरकारला तिजोरीही फारशी उघडावी लागणार नाही.