पांढरा रंग फुकट नसतो

घरात एखादा जुना रंगीत दिवाळी अंक असेल, तर त्याचं मुखपृष्ठ भिंगाखाली धरून पाहा. नायिकेच्या हिरव्या चोळीत हिरव्या शाईचा ठिपका सापडणारच नाही. सापडतील निळ्या आणि पिवळ्या शाईचे बारीक ठिपके, काही शेजारी-शेजारी, काही एकमेकांवर चढलेले. हिरवी शाई वापरलेलीच नसते. हिरवा तयार होतो तो ठिपके एकमेकांवर चढतात तिथे आणि आपल्या डोळ्यात. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांवर बहुतेक रंगीत छपाई चालते आणि फ्रीलान्स चित्रकाराचा निम्मा जन्म त्यांची मर्जी सांभाळण्यात जातो.

ठिपक्यांच्या रांगा तिरक्या असतात, त्यामागचं गणित तर अफलातून आहे. दोन रंगांच्या रांगांमध्ये पुरेसा कोन नसला, तर चित्रावर भलतीच जाळीदार नक्षी उमटते. म्हणून काळ्याच्या रांगा ४५ अंशांत, निळ्याच्या १५, किरमिजीच्या ७५. तिघांत ३० अंशांचं अंतर. एवढ्यात जागा संपते, पिवळा अजून बाहेरच! त्याला मग शून्य अंशावर बसवतात, शेजाऱ्यांपासून जेमतेम १५ अंशांवर. तो सगळ्यांत फिका, त्यामुळे त्याने केलेली नक्षी कुणाच्या नजरेत भरत नाही. ज्याला हे पहिल्यांदा सुचलं असेल, त्याला माझा दंडवत.

चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) गोव्याहून मुंबईत आले, त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. कथाचित्रं, मुखपृष्ठं, कॅलेंडरं, सगळं एकाच हातातून उतरायचं. त्या काळी रंग वेगळे करायला कॅमेरा लागे. लाल फिल्टर लावून घेतलेल्या निगेटिव्हवरून निळ्या शाईचा ब्लॉक, हिरव्या फिल्टरने किरमिजीचा, निळ्याने पिवळ्याचा. आज हे काम संगणक क्षणात करतो. ठिपके मात्र तेच आहेत.

आता आजच्या चित्रकाराच्या टेबलावर डोकावू. कादंबरीचं मुखपृष्ठ आलंय. पानं २४०, म्हणजे कागद १२०. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड, म्हणजे पुस्तकाचा कणा १२ मिलिमीटर. सगळं आखून होतं आणि प्रकाशकांचा फोन येतो: “अहो, प्रस्तावना वाढलीय, एक फॉर्मा जास्त धरा.” सोळा पानं, आठ कागद, कणा सुमारे पाऊण मिलिमीटरने फुगला. ऐकायला किरकोळ, पण कण्याची घडी सरकली की मुखपृष्ठावरच्या नायकाचा कान कण्यावर जाऊन बसतो. पुढचं, मागचं आणि कणा मिळून चित्र एकच असतं, त्यामुळे सगळं पुन्हा जुळवायचं.

त्याच दुपारी वर्तमानपत्राच्या पुरवणीचं चित्र द्यायचं असतं. तिथला कागद शाई पितो, ठिपका पसरतो आणि स्क्रीनवर छान दिसणारा सावळा चेहरा सकाळी कोळशासारखा छापून येतो. म्हणून जाणता चित्रकार फाइल मुद्दाम फिकी करून पाठवतो. संपादकाला ती बेचव वाटते, छापून आल्यावर पटते.

आणि मग चिवड्याचं पाकीट. इथे तर सगळं उलटंच होतं. पुस्तकात पांढरा रंग आयता मिळतो, कारण कागदच पांढरा; जिथे काही छापलं नाही तिथे पांढरं. पाकिटाची फिल्म पारदर्शक. पांढरं हवं तिथे काहीही न छापता सोडलं, तर तिथून थेट चिवडाच दिसेल, नाहीतर मागच्या थराची चांदी. म्हणजे पांढरी शाई विकत घेऊन छापायची, तिची स्वतंत्र प्लेट किंवा सिलिंडर करायचा. शिवाय शाई खरवडून निघू नये म्हणून अशा पाकिटांवर छपाई फिल्मच्या आतल्या बाजूने होते. म्हणून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी आणि क्रमही उलटा: आधी रंग, सगळ्यांत शेवटी त्यांच्या पाठीमागे पांढरा. कुठे पांढरा भरायचा आणि कुठे मुद्दाम खिडकी सोडून आतले काजू दाखवायचे, हेही डिझायनरच ठरवतो. चिवडा खाताना हा विचार कोण करतो म्हणा!

अशा माणसाला लोक ‘अष्टपैलू’ म्हणतात, कारण तो तऱ्हेतऱ्हेच्या शैलींत काढतो. मला त्याचं खरं कसब वेगळ्या जागी दिसतं. चित्र शेवटी कशावर उतरणार हे त्याला पेन्सिल टेकवण्याआधी ठाऊक असतं.

पैशाचं काय? अर्धी रक्कम आधी, उरलेली फाइल दिल्यावर, हा कागदावरचा नियम. “थोडं उठावदार करा ना” या एका वाक्यापायी दोन दिवस जातात, ते बिलात धरता येत नाहीत. पण एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. चित्राचे हक्क लेखी लिहून दिले आणि मुदत घालायची राहिली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मोठ्या कंपन्यांच्या करारात ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ हे शब्द आधीच छापलेले असतात, ते काही उगीच नाही.