कारखान्याचा आकार आणि कामगाराची तब्येत

सारखेच काम, सारखाच पगार. तरी आजारपणात एका कामगाराला आधार मिळतो, दुसऱ्याला नाही. बऱ्याचदा फरक असतो तो कारखान्याच्या आकाराचा. १० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना राज्य कामगार विमा योजना, म्हणजेच ‘ईएसआय’ लागू होते. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असल्यास त्यातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. त्यातून कामगारावर व कुटुंबावर उपचार होतात. पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनही मिळते. योजनेबाहेरच्या छोट्या कारखान्यात मात्र खाडा झाला की रोज बुडतो. मग दुखणे अंगावर काढले जाते आणि बळावते. म्हणून नोकरी धरताना पगाराबरोबरच ईएसआयचा विमा क्रमांक मिळणार का, हेही विचारून घ्यावे.