खलनायक, त्यांचे सोबती आणि एक लाल शेरा



मागच्या सत्रात मी मोठ्या गटाला निबंधासाठी विषय दिला होता, ‘माझा आवडता नायक’. कुणी शिवाजी महाराजांवर लिहिलं, कुणी सचिनवर, कुणी स्पायडरमॅनवर. दोघींनी चक्क आपल्या आजीवर लिहिलं. एका मुलाने मात्र दीड पान भरून मिस्टर फ्रीझवर लिहून आणलं. हा मिस्टर फ्रीझ म्हणजे बॅटमॅनचा शत्रू. मी लाल पेनने शेरा मारला, ‘विषय चुकला. हा नायक नाही.’

वही घेऊन तो दारापर्यंत गेला, मागे वळला आणि म्हणाला, “मावशी, पण तुम्ही वाचलंत का?”

खरं सांगते, वाचलं नव्हतं. नाव बघूनच शेरा मारला होता. पुढच्या रविवारी मी वही परत मागून घेतली आणि निबंध वाचला. मग त्यालाच गुरू करून बरंच काही समजून घेतलं. ते आज तुम्हाला सांगते.

आधी शब्द पाहू. खल म्हणजे दुष्ट. म्हणून गोष्टीतला दुष्ट माणूस तो खलनायक. (खलबत्त्यातला खल वेगळा बरं का! त्यात आई वेलची कुटते, तो बिचारा कुणाचं वाईट करत नाही.) आणि गोष्टीत थोडा वेळ येऊन जाणारी माणसं म्हणजे दुय्यम पात्रं. नाटकाच्या वेळी ज्यांना ‘मला एकच वाक्य का?’ म्हणून रडू येतं, ती!

गोष्ट सुरू कोण करतं?

नायक बहुतेक वेळा स्वतःहून काही सुरू करत नाही. शहर शांत असेल तर सुपरमॅन वर्तमानपत्राच्या कचेरीत बातम्या लिहीत बसेल. कुणीतरी खोडी काढावी लागते, तेव्हा गोष्ट हलते. म्हणून चांगला खलनायक मिळाला की लेखक त्याला सहसा सोडत नाहीत.

जोकरचंच बघा. बॅटमॅन १९३९ साली आला आणि जोकर १९४० साली. त्याच अंकाच्या शेवटी जोकर मरणार असं ठरलं होतं. पण संपादकांना वाटलं, असा खलनायक पुन्हा मिळायचा नाही. म्हणून शेवटी एक चित्र वाढवून तो जिवंत असल्याचं दाखवलं गेलं. त्या एका चित्रामुळे जोकर आजपर्यंत टिकला.

सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर हासुद्धा १९४० सालचाच. तेव्हा त्याच्या डोक्यावर चांगले लाल केस होते! पुढच्याच वर्षी तो टकला झाला आणि तसाच राहिला.

दुष्ट का झाला?

आता मिस्टर फ्रीझकडे येते. १९५९ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं. बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक चोर, एवढीच त्याची ओळख. पण १९९२ साली बॅटमॅनच्या टीव्हीवरच्या कार्टूनमालिकेत पॉल डिनी या लेखकाने त्याला नवी कथा दिली. या कथेत तो एक शास्त्रज्ञ आहे. त्याच्या बायकोला, नोराला, असाध्य आजार झाला आहे. औषध सापडेपर्यंत तिला गोठवून जिवंत ठेवायचं, असा त्याचा प्रयत्न. पण कंपनीचा मालक खर्च नको म्हणून ते यंत्र बंद करायला लावतो. त्या झटापटीत अपघात होतो, आणि त्यानंतर हा माणूस थंडीशिवाय जगू शकत नाही. त्या भागाच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला.

म्हणजे बंदूक तीच, चोऱ्या त्याच. पण आता आपल्याला त्याचा राग येतो आणि त्याच्यासाठी वाईटही वाटतं.

एक्स-मेनमधल्या मॅग्नेटोचंही असंच झालं. १९६३ साली तो नुसताच जग जिंकायला निघालेला दुष्ट होता. पुढे १९८१ साली वाचकांना कळलं की लहानपणी तो नाझींच्या छळछावणीत होता. आपल्या लोकांवर पुन्हा ती वेळ येऊ नये, ही त्याची भीती खरी आहे. मात्र त्यासाठी तो जे करतो ते चूक आहे. कारण समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. हा फरक मुलांना कळतो, आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर कळतो.

एका मिनिटाची माणसं

स्पायडरमॅनच्या १९६२ सालच्या पहिल्या गोष्टीत एक चोर आहे. त्याला तिथे नावसुद्धा नाही. तो पीटरसमोरून पळून जातो. पीटर त्याला सहज अडवू शकला असता, पण ‘मला काय त्याचं?’ म्हणून सोडून देतो. पुढे तोच चोर पीटरच्या बेनकाकांचा जीव घेतो. तो बिननावाचा चोर नसता, तर पीटर आपली ताकद दाखवून पैसे मिळवत बसला असता. आपल्याकडे मंथरा तरी किती वेळ दिसते? पण तिने कैकेयीचे कान फुंकले नसते तर वनवास घडलाच नसता.

(जाता जाता : २००४ साली स्पायडरमॅनची एक भारतीय आवृत्ती निघाली. तिच्यातला नायक पवित्र प्रभाकर मुंबईत राहतो आणि त्याला भीमकाका आणि मायाकाकू आहेत!)

जिमी ओल्सनची गंमत आणखी वेगळी. त्याला हे नाव १९४० साली कॉमिकमध्ये नाही, रेडिओवर मिळालं. रेडिओवर चित्र दिसत नाही. सुपरमॅनच्या मनातलं श्रोत्यांना कळायचं कसं? तर त्याला बोलायला कुणीतरी हवं. म्हणून हा पोरगा आला. नुसतं ऐकण्याचं काम करणारा जिमी इतका आवडला की १९५४ साली त्याच्या नावाचं स्वतंत्र कॉमिक निघालं आणि ते वीस वर्षं चाललं.

हार्ली क्विनही अशीच. १९९२ साली त्याच बॅटमॅन मालिकेत जोकरची मदतनीस म्हणून ती एका भागापुरती आली. लोकांना इतकी आवडली की तिला पुन्हा पुन्हा बोलावलं गेलं, मग ती कॉमिकमध्ये गेली, आणि आता तिच्या नावावर सिनेमेसुद्धा आहेत.

खेळातले शत्रू

व्हिडिओ गेममध्ये तर शत्रूंचा स्वभाव गणितातून येतो. पॅकमॅन हा १९८० सालचा जपानी खेळ. त्यात चार भुतं पॅकमॅनच्या मागे लागतात. आपल्याला वाटतं चारही सारखीच. पण तोरू इवातानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला वेगळा स्वभाव दिला. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत तुम्ही आहात तिथे येत नाही, तुमच्या पुढे चार घरं गाठायला बघतं, म्हणजे दबा धरतं. निळं भूत लाल भूत कुठे आहे ते बघून आपली दिशा ठरवतं. आणि नारिंगी भूत लांबून धावत येतं, पण जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे पळतं. आपल्या वर्गात हे चारही नमुने आहेत, नावं सांगत नाही!

१९७८ सालच्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी असतात. जसजसे ते मरतात तसतसे उरलेले जोरात धावू लागतात. हे मुळात ठरवून केलेलं नव्हतं. एवढी चित्रं हलवताना त्या वेळच्या यंत्राला दम लागायचा. ती कमी झाली की यंत्र मोकळं व्हायचं आणि वेग वाढायचा. तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, कारण त्यानेच खेळात रंगत आली.

आणि मारिओमधला तो तपकिरी, भुवया उतरलेला गूंबा? १९८५ सालच्या सुपर मारिओमध्ये हा सगळ्यात शेवटी घातलेला शत्रू. नवख्या खेळाडूला सोपा शत्रू हवा होता, पण खेळात जागा फारशी उरली नव्हती. म्हणून त्याचं एकच चित्र काढलं आणि ते आरशात दिसावं तसं उलटसुलट करून त्याला चालवलं. सगळ्यात शेवटी आला, पण खेळात तो सगळ्यात आधी भेटतो, आणि त्याच्यावर उडी मारूनच आपण खेळायला शिकतो.

पालकांसाठी दोन शब्द

“मुलाला खलनायकच आवडतात, काळजी करायची का?” असं चहाच्या वेळी दोन-तीन आयांनी मला विचारलं आहे. मला वाटतं, आधी त्याला विचारावं, “त्यात तुला काय आवडतं?” आपणही निळू फुल्यांना पडद्यावर बघून घाबरत होतोच की, आणि तरी त्यांचाच पुढचा सिनेमा बघायला जात होतो. त्याने आपण बिघडलो नाही.

त्या मुलाच्या निबंधात शेवटची वाक्यं अशी होती : ‘तो वाईट काम करतो. पण त्याला फक्त बायको बरी व्हायला हवी आहे. कुणीतरी त्याला मदत करायला पाहिजे होती.’ त्याची आजी त्या वेळी नागपूरला दवाखान्यात होती, हे मला नंतर त्याच्या आईकडून कळलं.

आपण दर रविवारी वर्ग संपताना पसायदान म्हणतो. त्यात ‘खळ’ हा शब्द येतो, तो आपला खलच. ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्या मनातला वाकडेपणा जाऊ दे असं मागितलं. इतकी वर्षं मी हे मुलांकडून पाठ करून घेते आहे आणि नेमका त्याच अर्थाचा निबंध मला ओळखता आला नाही. तो लाल शेरा मी खोडला आणि खाली लिहिलं, ‘विषय कळला. मावशीला उशिरा कळला.’

गृहपाठ : तुमच्या आवडत्या कॉमिकमधलं किंवा खेळातलं असं एक पात्र निवडा, ज्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ते नसतं तर गोष्टीत काय झालं असतं, ते आठ ओळींत मराठीत लिहून आणा. शब्द अडला तर घरी विचारा. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचीन.