वाटी कोणती?

मराठीतले पहिले छापील पाकपुस्तक म्हणून रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’चा उल्लेख होतो. ते १८७५ साली निघाले. म्हणजे स्वयंपाकाचे शहाणपण घराबाहेरच्या, कधीही न भेटलेल्या माणसाला सांगण्याच्या मराठी उद्योगाला दीडशे वर्षे होऊन गेली. या काळात सांगण्याची साधने बदलत गेली. पुस्तके आली, मासिके आणि दिवाळी अंक आले, रेडिओ आणि दूरचित्रवाणी आली, आणि आता हातातल्या फोनवर चित्रफीत आली. विषयही वाढले. आधी फक्त घरचा स्वयंपाक होता, मग कुठल्या हॉटेलात काय खावे हे आले, आणि गेल्या पंचवीस वर्षांत कुठली वाइन कशासोबत घ्यावी हेही आले. या सगळ्या वाटचालीकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट ठळक दिसते. ज्याने आपल्या सल्ल्याच्या अटी सांगितल्या, म्हणजे कुठल्या तांदळाला, किती आचेवर, कुठल्या ऋतूत आणि कुणाच्या घरी हे चालते ते सांगितले, त्याचाच सल्ला परक्या स्वयंपाकघरात कामाला आला. ज्याने नुसती कृती किंवा नुसते नाव दिले, त्याचा सल्ला त्याच्या उंबरठ्याच्या आतच राहिला.

छापण्यापूर्वी या अटी बोलून दाखवाव्या लागत नव्हत्या, कारण सांगणारीला आणि ऐकणारीला त्या सारख्याच ठाऊक असत. सासू सुनेला ‘वाटीभर पाणी घाल’ म्हणे तेव्हा वाटी कोणती हा प्रश्नच नसे, फडताळातली ती नेहमीची वाटी. तांदूळ एकाच शेतातला, पाणी एकाच विहिरीचे, चूल तीच. पीठ किती सैल हवे हे शब्दांत सांगण्याऐवजी त्याच पिठात बोट घालून दाखवता येई. हे ज्ञान फार सूक्ष्म होते आणि त्याचे मोल मोठे आहे. पण ते एका घराच्या आधाराने उभे होते. तीच सून नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या गावी गेली, तिथे नवा तांदूळ आणि कोळशाची शेगडी हाती आली, की सासूचे तेच वाक्य निम्मे निकामी होई. जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि नवा कमी, हे सासूला माहीत नव्हते असे नाही. ते सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

छापील पुस्तकाने ही वेळ आणली, आणि पहिला प्रश्न मापाचा उभा राहिला. जुने माप शेराचे: शेर म्हणजे ऐंशी तोळे, छटाक म्हणजे पाच तोळे. याच मापांच्या काळात, १९१० साली, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले आणि त्याने हजार पाकक्रिया वाचकांपुढे ठेवल्या. पुढे १९५६च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, बाजारातून शेर-छटाक हद्दपार झाले आणि जुन्या पुस्तकांतले आकडे नव्या मुलींना परके झाले. याच वळणावर, १९७० साली, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. तिने तराजू बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हे घराघरांतले माप हाती घेतले. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि ओगलेबाईंना लाख सुनांची सासू म्हटले गेले. हे बिरुद कौतुकाचे असले तरी त्यात नेमके निरीक्षण आहे. घरातल्या सासूचे काम त्या पुस्तकाने केले, आणि तेही तिची वाटी ठाऊक नसलेल्या सुनांसाठी.

मग वाटी कोणती हा प्रश्न तिथे का अडला नाही? याचे उत्तर प्रमाणात आहे. उकडीच्या मोदकांसाठी जितकी पिठी तितकेच पाणी, असे सांगितले की वाटी लहान असो वा मोठी, मोदक बिघडत नाही. दोन्ही एकाच वाटीने मोजले की पुरे. वाटी हे वजन सांगत नाही, ती नाते सांगते. हीच पद्धत जिथे चुकते तिथेही याच कारणाने चुकते. वाटीभर मैद्याला चमचाभर सोडा म्हटले की वाटी आणि चमचा ही दोन वेगळी मापे एकमेकांना भिडतात, आणि कुणाची वाटी दीडपट मोठी निघाली की केक बसतो. यावर एक जुना आक्षेप आहे की मापाने हाताचा अंदाज मरतो आणि खरी सुगरण मोजत नाही. सुगरण मोजत नाही हे खरे आहे. पण तिचा अंदाज आकाशातून पडलेला नसतो. शेकडो वेळा नवा-जुना तांदूळ, ओले-कोरडे पीठ आणि मंद-मोठी आच पाहून अटींचा जो साठा मनात होतो, त्याचेच नाव अंदाज. माप ही त्या साठ्याची पहिली पायरी आहे. ज्याच्या घरात शिकवणारे माणूस नाही, त्याला ही पायरीच नाकारणे हा अंदाजाचा गौरव ठरत नाही.

मापाच्या पुढची पायरी म्हणजे पदार्थ कुठे बिघडतो हे सांगणे, आणि मराठी खाद्यलेखनातली सर्वांत मोलाची वाक्ये मला याच जागी दिसतात. अनारशाचे उदाहरण घ्यावे. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, ओलसर असतानाच दळायचा, गुळात मळून ठेवायचा, ही कृती कुणीही देईल. पण अनारसा तुपात सोडल्यावर हसला, म्हणजे फुटून पसरला, तर पिठात थोडी कोरडी पिठी मिसळावी, आणि कडक झाला तर पिकल्या केळ्याचा तुकडा किंवा थोडे दूध घालून मळावे, हे जो सांगतो तो खरा सल्लागार. चकलीचेही तसेच. मोहन कमी पडले तर ती दगडासारखी होते, जास्त झाले तर तेलात विरघळते, आणि आच मोठी राहिली तर वरून तांबूस दिसून आतून मऊ पडते. एकाच पदार्थाच्या तीन दोषांची तीन कारणे कळली की माणूस कृतीचा गुलाम राहत नाही. त्याला पदार्थाचे वागणे कळते. ‘हसला’ हा एकच शब्द पाहा. कित्येक पिढ्यांचे फसलेले घाणे त्यात साठलेले आहेत. अशा शब्दांची देवाणघेवाण ही चविष्ट कृतींच्या देवाणघेवाणीपेक्षा जास्त टिकाऊ ठरली आहे.

तिसरी अट सांगायला मात्र आपण फार उशीर लावला. ती म्हणजे हे कुणाचे स्वयंपाकघर आहे. छापील पुस्तकांनी चव एकसारखी केली, गावोगावचे आणि जातीजातींचे वेगळेपण पुसले, असा आक्षेप घेतला जातो. तो मोठ्या अंशाने खरा आहे. काही मोजक्या घरांतले जेवण ‘महाराष्ट्रीय’ म्हणून छापले गेले आणि बाकीच्यांचे जेवण बोलण्यासारखे नाही असा अर्थ आपोआप निघाला. पण हा दोष लिहिण्याचा नाही, मालकी न सांगण्याचा आहे. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ काढली तेव्हा ती सारस्वतांची रसोई आहे हे लपवले नाही, म्हणून ती आजही विश्वासाने वाचता येते. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ने २०१५ साली मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाची नोंद केली. मांस वाळवून ठेवण्याची रीत, रक्तापासून केलेल्या रक्तीसारखे पदार्थ आणि वाट्याला आलेल्या तुकड्यांतून उभी राहिलेली पाककला त्यात आहे. पुस्तकाचे नावच ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ या पवित्र वचनातली उणीव दाखवते. ब्रह्म अपूर्ण होते, कारण सांगणाऱ्यांची यादी अपूर्ण होती. त्या पुस्तकानंतर ‘आपल्याकडे असे करतात’ हे वाक्य लिहिताना हात थबकायला हवा. आपल्याकडे म्हणजे कुणाकडे, हेही त्याच वाक्यात आले पाहिजे.

घराबाहेरच्या खाण्याबद्दलचा सल्ला याच तीन कसोट्यांवर पाहता येतो. मुंबईच्या गिरणगावात खाणावळीचा पत्ता गाववाल्याकडून मिळे. कोकणातून आलेल्या कामगाराला कोकणी हाताचे आणि घाटावरच्याला घाटावरचे जेवण कुठे मिळते, हे सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची जीभ माहीत असे. तिथे अट सल्ल्यातच होती. खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. शहर पसरले, गिरण्या गेल्या, जीभ ओळखणारा गाववाला विरळ झाला आणि त्याची जागा हळूहळू पाचपैकी किती तारे या आकड्याने घेतली. आकड्याच्या बाजूने एक रास्त गोष्ट सांगता येते. हजार लोकांचे मत एका ओळखीच्या माणसाच्या मतापेक्षा कमी पक्षपाती असते, आणि नवख्या माणसाला ते फसवणुकीपासून वाचवते. स्वच्छता, वागणूक, दर यांच्यासाठी हे पटते. चवीसाठी पटत नाही. कोल्हापूरच्या मिसळीचा कट, पुण्याच्या मिसळीतले पोहे आणि नाशिकच्या मिसळीचा काळा मसाला हे तीन वेगळे पदार्थ आहेत. त्यांची सरासरी काढून उत्तम मिसळ सापडत नाही. मालवणी खाणावळीतल्या सुरमईला पाच तारे मिळाले असतील, पण जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि तेव्हा ताटातला मासा बर्फातला किंवा दुसरीकडून आलेला असण्याचाच संभव जास्त. ‘पावसाळ्यात इथे सुकट मागवा’ एवढे एक वाक्य त्या पाच ताऱ्यांहून अधिक उपयोगाचे आहे.

अट गाळलेल्या सल्ल्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण वाइनमध्ये सापडते. नारायणगावला शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात फेसाळ वाइन बनवायला सुरुवात केली, नाशिकची वाइन २००० सालापासून नावारूपाला आली, आणि २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइन इथे पिकू लागली, पण तिच्याबद्दलचा सल्ला युरोपातून जसाच्या तसा आला. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य पाहा. ज्या घरांत ते जन्मले तिथल्या खोलीचे तापमान तेव्हा सोळा-अठरा अंश असे. एप्रिलमधल्या नाशिकच्या खोलीत ते दुपटीवर जाते, आणि त्या वाइनमध्ये मद्याचा उग्रपणाच तेवढा नाकात भरतो. इथे तीच वाइन थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवूनच प्यावी लागते. मिरचीचेही असेच. मद्याचा अंश जास्त असला की तिखट जास्त जाळते, आणि लाल वाइनचा तुरटपणा त्या जाळाला धार लावतो. म्हणून झणझणीत रश्श्याबरोबर भारदस्त लाल वाइन देणे चूक आणि किंचित गोडसर, थंड केलेली शेनिन ब्लां ही पांढरी वाइन देणे बरोबर. युरोपात द्राक्षे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरात खुडतात. इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळछाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये खुडणी होते. वेलीचे पंचांगच वेगळे असेल, तर सल्ल्याचेही वेगळे असायला हवे.

वाइनबद्दल मराठीत बोलावेच का, असा आक्षेप घेणारे पुष्कळ आहेत. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा त्याला झालेला विरोध त्याची साक्ष देतो. व्यसनाने घर मोडते हे महाराष्ट्राने पाहिले आहे, म्हणून ही काळजी मानायला हवी. जो पीत नाही त्याचे जेवण कशानेही उणे होत नाही, हेही प्रामाणिक सल्ल्यात आले पाहिजे. पण जो विकत घेतोच आहे त्याला परकी, उसनी भाषा देणे हा त्यावरचा उपाय नाही. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आक्रसते तो तुरटपणा, कैरीचा आंबटपणा, भाजक्या शेंगदाण्याचा खमंगपणा हे शब्द आपल्याकडे आहेत. त्यांनी वाइनचे वर्णन केले तर वाचणाऱ्याला बाटलीवरची शोभेची विशेषणे विकत घ्यावी लागणार नाहीत. 

राहिली आजची चित्रफीत. पुस्तकाला जे कधी जमले नाही ते तिने केले. ‘तांबूस’ म्हणजे किती तांबूस आणि ‘तार’ म्हणजे कशी तार, हे ती डोळ्यांना दाखवते. परदेशातल्या मराठी मुलाला फोडणी कधी तडतडते हे ऐकायला मिळते, आणि हा लाभ लहान नाही. पण पाहिले म्हणजे कळले हा भ्रमही तिच्याबरोबर येतो. चित्रफितीत फसलेला घाणा कापून टाकलेला असतो, आणि आपण वर पाहिले की शिकायचे तिथेच असते. जळगावची वांगी मोठी, हिरवट-पांढरी आणि कमी बियांची असतात. २०१६ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. कापसाच्या काड्यांवर ती भाजून केलेले भरीत पडद्यावर पाहायचे आणि बियाळ वांगे गॅसवर भाजून तीच चव शोधायची, मग निराश होऊन खानदेशच्या भरितात काही विशेष नाही असे ठरवायचे, ही अट न सांगण्याची किंमत आहे. अटी जोडत बसलो तर सल्ल्यातला उत्साह आणि आपुलकी आटेल, अशी भीती कुणी व्यक्त करील. पण ‘बिया कमी असलेले वांगे मिळाले तरच करा’ हे वाक्य चार क्षणांत बोलून होते. पलीकडच्या माणसाच्या हातात काय आहे याचा विचार करूनच ते बोलता येते, आणि आपुलकी म्हणतात ती यालाच.

दीडशे वर्षांपूर्वी पुस्तक छापताना सल्ला घराबाहेर पडला आणि त्याची वाटी घरातच राहिली. तेव्हापासूनचे उत्तम मराठी खाद्यलेखन ही त्या वाटीची भरपाई आहे, कधी प्रमाणाने, कधी बिघाडाची खूण सांगून, कधी आपल्या ताटाचा मालक कोण ते उघड करून. आवडलेली जागा, बाटली किंवा कृती दुसऱ्याला सांगावीशी वाटणे ही माणसाची सुंदर ओढ आहे आणि ती वाढावी. सांगून झाल्यावर ऐकणाऱ्याने ‘वाटी कोणती?’ असे विचारले, तर ती शंका मानू नये. त्याने पदार्थ करायला घेतला आहे, असे समजावे.