पाऱ्याचा पोलीस

फ्रीमाँटमध्ये बेसाइड पार्कवेवर ऑफिसांची एक साधीसुधी इमारत आहे. तिच्यासमोरून आमची गाडी शेकडो वेळा गेली असेल, पण आम्ही कधी मान वळवून पाहिलं नव्हतं. परवा लेकीने सांगितलं, "बाबा, ती बघा सायबरडाइन!" 'टर्मिनेटर टू' या चित्रपटात जी कंपनी रात्री उडवून देतात, तिचं बाहेरचं चित्रण इथे झालं होतं म्हणे. आम्ही वीस वर्षं या गावात राहून बेपत्ता, आणि अकरावीतली पोर आम्हाला स्थळमाहात्म्य सांगते!

झालं. त्या शनिवारी वरण-भाताची ताटं मांडीवर घेऊन आम्ही सगळे चित्रपट बघायला बसलो. आमची सौ. मारामारी आली की स्वयंपाकघरात जाते, त्यामुळे ती बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच होती. आम्ही हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो सांगलीला, मित्राच्या घरी, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. त्या पाऱ्याच्या पोलिसाने त्या रात्री आमची झोप उडवली होती. लेकीला मात्र भीती वगैरे वाटली नाही. तिला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती म्हणाली, "बाबा, हे इतकं जुनं आहे, मग खोटं का नाही वाटत?"

प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा निघाला. त्याचं उत्तर देता देता रात्रीचे बारा वाजले, आणि त्याचाच हा लेख झाला.

टर्मिनेटरचा पहिला भाग १९८४ चा. त्यातला यंत्रमानव म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, आणि कातडी जळून गेल्यावर उरणारा धातूचा सांगाडा. काही दृश्यांत हा सांगाडा म्हणजे छोटी बाहुली होती. ती एकेका फ्रेमला किंचित हलवून चित्रण केलेलं होतं. द्रवरूप धातूच्या खलनायकाची कल्पना दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनच्या डोक्यात तेव्हाही होती, पण ती पडद्यावर आणायची सोय नव्हती. मग १९८९ मध्ये 'द अॅबिस' आला. त्यात समुद्राच्या पाण्याची एक सोंड पाणबुड्यांच्या तळात शिरते आणि माणसाच्या चेहऱ्याचा आकार घेते. हे सगळं जेमतेम सव्वा मिनिटाचं काम. आणि कॅमेरॉनची हुशारी बघा, ते दृश्य जमलं नसतं तर कापून टाकता येईल अशीच कथेची बांधणी होती.

दुसऱ्या टर्मिनेटरमध्ये ही पळवाट नव्हती. टी-१००० हा पोलीस जमला नाही तर चित्रपटच नाही. खर्च सुमारे दहा कोटी डॉलरच्या घरात, त्या काळी डोळे पांढरे करणारा. चित्रण सुरू झालं ऑक्टोबर १९९० मध्ये आणि प्रदर्शन ठरलेलं ३ जुलै १९९१ ला. आमच्यासारख्या इंजिनिअरांना 'डेडलाइन' या शब्दाने अजून घाम फुटतो, मग त्या लोकांचं काय झालं असेल!

हे काम आलं इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीकडे. ती तेव्हा इथून उत्तरेला, सॅन राफाएलला होती. प्रमुख होते डेनिस म्यूरेन. संगणकाचं काम करणारी माणसं वाढत वाढत पस्तिसेक झाली. यंत्रं होती सिलिकॉन ग्राफिक्सची, म्हणजे आपल्या माउंटन व्ह्यूची. (त्याच कंपनीच्या पुढच्या काळातल्या आवारात आता गूगल आहे. आपल्यापैकी किती जण तिथे रोज दुपारी फुकटचं जेवतात ते आम्ही सांगत नाही.)

आता आमचा लाडका मुद्दा. हा खलनायक धातूचाच का? त्या वेळी संगणकाला माणसाची कातडी जमत नव्हती, केस जमत नव्हते, कपड्याच्या चुण्या जमत नव्हत्या. जमत होतं ते गुळगुळीत आणि चकचकीत. म्हणजे यंत्राला जे येत होतं, त्यातूनच राक्षस घडवला! म्हणूनच तो खोटा वाटत नाही. पुढे १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी'त प्लॅस्टिकची खेळणी नायक झाली, तिथेही हाच व्यवहार.

पण चकचकीत म्हणजे सोपं नव्हे. घरातला स्टीलचा तांब्या हातात घ्या आणि नीट बघा. त्यात तांब्याचा स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच. दिसते ती खिडकी, ट्यूबलाइट आणि आपलं फुगलेलं नाक. टी-१००० चं तेच. तो चालतो आहे ती जागा त्याच्या अंगावर दिसली नाही, तर तो तिथे नाहीच. प्रत्येक प्रकाशकिरणाचा हिशोब करणं तेव्हाच्या यंत्रांना परवडणारं नव्हतं, म्हणून सभोवतालचं चित्र आधी तयार करून त्याचं प्रतिबिंब अंगावर गुंडाळायची युक्ती वापरली. हालचालीसाठी रॉबर्ट पॅट्रिक या नटाच्या अंगावर चौकटी रंगवल्या, त्याला जवळजवळ उघड्याने चालायला-पळायला लावलं आणि त्या चौकटींवरून संगणकातला पुतळा चालवला. निवडही अचूक होती. अर्नोल्ड म्हणजे तालमीतला पैलवान, तर हा मल्लखांबवाला.

सगळ्यात गाजलेलं दृश्य इस्पितळातल्या गजांचं. पोलीस बंद गजांच्या दारातून आरपार चालत येतो, चेहरा गजांपाशी दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा मिटतो. इथे चेहरा रंगवलेला नाही, खऱ्या पॅट्रिकचा आहे. त्याचं चित्रण त्याच्या डोक्याच्या संगणकातल्या प्रतिकृतीवर जणू चिकटवलं, आणि मग ती प्रतिकृती हवी तशी वाकवली. त्या प्रोग्रॅमचं नावच मुळी 'मेक स्टिकी', म्हणजे 'चिकटव'! आमच्या ऑफिसात असं सरळ नाव कुणी ठेवलं तर तीन मीटिंगा होतील.

आणि हे सगळं संगणकाचं होतं तरी किती? सव्वादोन तासांच्या वर चाललेल्या चित्रपटात जेमतेम पाचेक मिनिटं. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर सात हजार दोनशे चित्रं. बाकी करामत स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यातली. छातीवर गोळ्या लागून उमलणारी चंदेरी फुलं म्हणजे स्प्रिंगा बसवलेला, वरून धातूचा मुलामा दिलेला फोम. बंदुकीने दुभंगलेलं डोकं म्हणजे बाहुली. ते पुन्हा जुळतं तेव्हा संगणक पुढे येतो. गोठून फुटलेले तुकडे वितळून थेंब एकमेकांकडे धावतात, तिथे खरा पारा वापरला आणि तो केस वाळवायच्या यंत्राने फुंकून हलवला. पहारेकरी आणि त्याचा तोतया एका चौकटीत हवे होते, तर सरळ जुळे भाऊ आणले. नायिकेसाठीही तिची सख्खी जुळी बहीण होतीच. जिथे जुळे मिळतात तिथे संगणक कशाला?

१९९२ च्या ऑस्करमध्ये या चित्रपटाला चार पारितोषिकं मिळाली, त्यात दृश्य-परिणामांचं होतंच. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'जुरासिक पार्क'चे डायनोसोर उभे केले आणि मग सगळा धंदाच बदलला.

इथवर आम्ही रंगात येऊन सांगत होतो. मग लेकीने विचारलं, "तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

आम्ही एमएस करायला आलो तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्सचा एक कोर्स घेतला होता. त्या विषयात सगळेच एक प्रसिद्ध चहाची किटली काढतात, युटा विद्यापीठातली. आम्हीही काढली. तिच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब बसवण्यात आमचे अडीच महिने गेले, आणि ते पडद्यावर उमटलं त्या पहाटे आम्ही प्रयोगशाळेत एकटेच टाळ्या वाजवत होतो. त्याच वाटेवरच्या एका छोट्या कंपनीने बोलावलंही होतं, पण व्हिसाचं बघू म्हणाले. डेटाबेसवाल्यांनी व्हिसा दिला. आम्ही डेटाबेसवाले झालो. त्याचं वाईट झालं असं नाही, घर झालं, ग्रीन कार्ड झालं. किटलीची फ्लॉपी की सीडी, जे काय होतं ते, माळ्यावरच्या खोक्यात असेल.

हे लेकीला कधी सांगितलं नव्हतं. सौ. ला माहीत होतं, ती दारात येऊन उभी राहिली होती.

गोष्ट अशी की लेकीला अॅनिमेशन शिकायचं आहे आणि आम्ही गेले सहा महिने "आधी इंजिनिअरिंग, मग छंद" हे तुणतुणं वाजवतो आहोत. दर रविवारी त्यावरून वाद, दर सोमवारी अबोला. त्या रात्री तिने वाद काढला नाही. रिमोट उचलला आणि गजांचं दृश्य पुन्हा लावलं. पोलीस आरपार येतो. मग एकदम थांबतो, कारण हातातलं पिस्तूल गजांत अडकलं आहे. ते खरं, टणक आहे. तो मनगट वळवतो, पिस्तूल आडवं करून बाहेर काढतो आणि चालू लागतो.

"हे कुणाला सुचलं असेल, बाबा?" तिने विचारलं. "इंजिनिअरला की आर्टिस्टला?"

आम्हाला उत्तर आलं नाही. तिने ते दृश्य तिसऱ्यांदा लावलं, आणि आम्ही माळ्याची शिडी कुठे ठेवली आहे ते सौ. ला विचारलं.